गावरान हरभऱ्यात प्रथिने जास्त आढळली. त्यावरून अधिक पौष्टिक वाण घडवता येईल का?

कादवाकाठ (निफाड तालुका)

सर्वांना नमस्कार. कादवेच्या काठी आमची द्राक्षबाग आहे आणि बाग सोडून उरलेल्या दोन एकरांत मी दर रब्बीला हरभरा करते. त्यांपैकी दीड एकरावर ‘विजय’ हा सुधारित वाण असतो. उरलेल्या अर्ध्या एकरावर, म्हणजे विहिरीचे पाणी जेमतेम पोहोचते त्या मुरमाड तुकड्यात, सासूबाईंनी पंचवीस-तीस वर्षे मडक्यात राखेत घालून जपलेला गावरान हरभरा असतो. त्याचा दाणा बारीक, काळपट तपकिरी आणि चोचदार आहे. पिठल्याला त्याच्या बेसनाची जी चव येते ती विकतच्या बेसनाला येत नाही, असे घरातल्या सगळ्यांचे मत आहे.

आमचा बारा जणींचा बचत गट बेसन आणि लाडू करून नाशिकच्या प्रदर्शनांत विकतो. गेल्या वर्षी गिऱ्हाईक सारखे ‘प्रोटीन किती?’ असे विचारू लागले, म्हणून आम्ही दोन्ही हरभऱ्यांचे नमुने एका खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. गावरानात प्रथिने २४.१ टक्के आणि विजयमध्ये २०.२ टक्के निघाली. लोह गावरानात किलोमागे १०४ मिलिग्रॅम, तर विजयमध्ये ५८ मिलिग्रॅम निघाले. गावरानाचा उतारा मात्र एकरी साडेतीन क्विंटलच्या वर जात नाही आणि विजय सात क्विंटल देतो.

माझा प्रश्न असा आहे की, या दोघांचा संकर करून गावरानाची प्रथिने व लोह आणि विजयचे उत्पादन एकत्र आणता येईल का? हे काम शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहे का? आणि तोपर्यंत ‘अधिक प्रथिने, अधिक लोह’ असे पाकिटावर छापण्यास हरकत आहे का?

---

जुना पैदासकार

ताई, आपला प्रश्न वाचून आनंद झाला. कडधान्यांच्या पैदाशीत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. तपासणी आधी आणि स्वप्न मग, हा क्रम आपण पाळला आहे. तरीही संकराकडे वळण्याआधी आपल्या आकड्यांची उलटतपासणी करायला हवी.

प्रथिने मोजताना प्रयोगशाळा प्रत्यक्षात नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. हा आकडा दाण्यातला ओलावा धरून दिलेला असतो किंवा ओलावा वजा करून, म्हणजे शुष्क आधारावर दिलेला असतो, आणि दोहोंत दोन-तीन टक्क्यांचा फरक सहज पडतो. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. ते पाहून कृपया येथे कळवावे.

दुसरे असे की, आपले दोन वाण दोन वेगळ्या जमिनींत वाढले आहेत. मुरमाड तुकड्यात घाटे भरण्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला की दाण्यात पिष्ट साठण्याचे काम अपुरे राहते. प्रथिनांची भरती त्या मानाने कमी अडते आणि सुरकुतलेल्या दाण्यात प्रथिनांचा टक्का वाढलेला दिसतो. हा टक्का वाणाचा आहे की तुकड्याचा, हे आपल्या चाचणीवरून सांगता येत नाही. एकाच शेतात, एकाच दिवशी पेरून, दोन्ही वाणांच्या ओळी आलटून पालटून निदान तीन ठिकाणी ठेवल्याखेरीज त्याचे उत्तर मिळणार नाही.

लोहाच्या आकड्याबद्दल तर मला दाट शंका आहे. आपल्या काळ्या मातीत, ती बेसॉल्ट खडकापासून झालेली असल्याने, लोह भरपूर असते. मातीत ते पाच टक्के धरले, तर एक ग्रॅम मातीत पन्नास मिलिग्रॅम लोह होते. म्हणजे किलोभर हरभऱ्याला चिमूटभर धूळ चिकटलेली असली तरी दाण्यातले लोह जवळजवळ दुप्पट दिसते. गावरानाचा नमुना खळ्यावरून उचललेला होता का?

---

कादवाकाठ

सर, अहवाल पुन्हा काढून पाहिला आणि थोडी ओशाळलेच. गावरानाच्या अहवालाखाली ‘शुष्क आधारावर’ असे लिहिले आहे, तर विजयच्या अहवालाखाली ‘नमुना जसा मिळाला तसा, ओलावा १२ टक्के’ असे लिहिले आहे. नमुने दोन वेगवेगळ्या महिन्यांत दिले होते. दोन्ही अहवाल एकाच तऱ्हेने का लिहिले नाहीत, हे त्यांनाच ठाऊक.

आणि हो, गावरान खळ्यावरूनच दिला होता. विजय मात्र डाळगिरणीत चाळून, पंखा लावून आलेल्या पोत्यातला होता.

---

जुना पैदासकार

यात ओशाळण्यासारखे काही नाही. मोठमोठ्या तक्त्यांतही हा घोटाळा मी पाहिलेला आहे.

आता गावरानाचाही आकडा १२ टक्के ओलाव्यावर आणू. २४.१ ला ०.८८ ने गुणले की २१.२ येतात. म्हणजे चार टक्क्यांचा फरक एका टक्क्यावर आला, आणि त्या एका टक्क्यातही तुकड्याचा वाटा किती, हे अजून कळलेले नाही. एकरी हिशेब मांडला तर गावरानाच्या ३५० किलो दाण्यांतून सुमारे ७४ किलो प्रथिने मिळतात आणि विजयच्या ७०० किलोंतून सुमारे १४१ किलो. ताजव्यावर दोन्हींचे शंभर-शंभर दाणे तोलून पाहिले तरी हेच दिसेल. गावरानाचे शंभर दाणे १२ ग्रॅम आणि विजयचे १७ ग्रॅम भरले असे धरले, तर गावरानाच्या शंभर दाण्यांत अडीच ग्रॅम आणि विजयच्या शंभरांत जवळजवळ साडेतीन ग्रॅम प्रथिने निघतात. टक्का मोठा, पण दाणा लहान.

लोहासाठी दाणे पाण्याने झटपट धुऊन, सावलीत वाळवून, दगडी किंवा चिनी मातीच्या खलबत्त्यात कुटून पुन्हा तपासायला द्यावेत. लोखंडी जात्यातून काढलेले पीठ देऊ नये, कारण जात्याची झीजही पिठात उतरते.

---

रानवाटा (येवला)

चर्चेत मध्येच शिरतो, त्याबद्दल क्षमस्व. बाजरीत ‘धनशक्ती’ हा जास्त लोहाचा वाण काही वर्षांतच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला, तर हरभऱ्यात तसे का होत नाही? आणि हे काम विद्यापीठांनी करायचे की बचत गटांनी?

---

जुना पैदासकार

प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच ताईंना उपयोगी पडेल असा मुद्दा आहे.

धनशक्ती हा वाण इक्रिसॅट (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून काढला आणि तो २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. तो नव्या संकरातून आलेला नाही. आयसीटीपी ८२०३ हा जुना, शेतकऱ्यांच्या ओळखीचा वाण घेऊन त्याच्या पोटातूनच जास्त लोहाच्या वंशावळी निवडल्या गेल्या. हे जमले, कारण बाजरी परपरागी आहे. तिच्या एका वाणातले प्रत्येक ताट अनुवंशाने थोडेफार वेगळे असते आणि निवडीला वाव राहतो.

हरभरा याच्या अगदी उलट आहे. त्याची कळी उमलण्याच्या आतच परागीभवन आटोपलेले असते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तो स्वतःचीच नक्कल काढतो. विजयसारख्या शुद्ध वाणात सर्वांत टपोरे झाड निवडून त्याचे बी पेरले तरी पुढच्या वर्षी विजयच उगवतो, कारण ते टपोरेपण खताचे, पाण्याचे किंवा बांधाकडेच्या मोकळ्या जागेचे असते. डेन्मार्कच्या योहान्सनने १९०३ साली घेवड्यावर प्रयोग करून शुद्ध वंशावळीचा हा सिद्धान्त मांडला आणि आमच्या पिढीने तो तोंडपाठ केला.

सासूबाईंचा गावरान हरभरा मात्र ‘एक वाण’ नाही. पंचवीस-तीस वर्षांत मळणीच्या, मडक्यांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी केलेल्या बियाणे-बदलीच्या निमित्ताने त्यात अनेक शुद्ध वंशावळी मिसळलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून संकराच्या आधी निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सध्या पीक उभे आहे आणि घाटे भरत आहेत, तेव्हा वेळ योग्य आहे. शेतात फिरून पन्नास-साठ निरोगी, मर रोग न लागलेली, घाट्यांनी लगडलेली झाडे निवडून त्यांना खूण बांधावी, प्रत्येकाचे बी वेगळ्या पाकिटात ठेवावे आणि पुढच्या ऑक्टोबरात प्रत्येक पाकिटाची एक ओळ लावावी. दर दहा ओळींनंतर विजयची एक ओळ टाकली की जमिनीतला फरक ओळखू येतो. पहिल्याच वर्षी प्रथिने तपासण्याच्या भानगडीत पडू नये. एकेका झाडाच्या दाण्यावर शेतातल्या योगायोगांची छाया इतकी असते की त्या आकड्याला अर्थ नसतो, आणि चांगल्या पंधरा-वीस ओळी उरल्या की मगच तपासणीवर पैसे घालावेत.

संकराबद्दल सांगायचे तर, तो शेतकऱ्याला अशक्य नाही, पण चिकाटीचा आहे. उद्या उमलणार अशी कळी हेरून, बारीक चिमट्याने नौकेसारखी पाकळी फाडून, आतले दहाही पुंकेसर कुक्षीला धक्का न लावता काढायचे आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग त्या कुक्षीवर टेकवायचे. शंभर कळ्यांमागे दहा-वीस घाटे धरले तरी हात बसला असे आम्ही समजत असू, आणि त्या घाट्यांत एक किंवा दोनच दाणे. आपल्या निफाडात तर थंडीचीही अडचण आहे. दिवसरात्रीचे सरासरी तापमान १५ अंशांच्या खाली गेले की हरभऱ्याची फुले गळतात, घाटे धरत नाहीत, आणि आपण बिचारे स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. संकर खरोखर झाला की कळी आपोआपच फळली, हे ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. पांढऱ्या फुलाचा काबुली मादी म्हणून आणि गुलाबी फुलाचा देशी नर म्हणून वापरला की पहिल्या पिढीत गुलाबी फूल येणारे झाडच खरे संकरित असते, कारण गुलाबी रंग पांढऱ्यावर प्रभावी असतो. देशी आणि देशी यांच्या संकरात ही सोय नसते.

त्यानंतर झाडे एकजिनसी व्हायला सहा-सात पिढ्या जातात. शेतात रब्बीचा एकच हंगाम मिळतो, म्हणजे तेवढीच वर्षे. प्रकाश आणि तापमान नियंत्रित ठेवून इक्रिसॅटने वर्षात सहा-सात पिढ्या काढून दाखवल्या आहेत, पण ते प्रयोगशाळेचे काम झाले. हरभऱ्याचा जनुकीय आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि २०२१ साली ३,३६६ नमुन्यांच्या जनुकसंचांचे वाचनही झाले. तरी प्रथिनांचा टक्का अनेक जनुकांच्या हाती आणि बराचसा जमिनीच्या हाती असल्याने, एखादी जनुकीय खूण पाहून निवड केली आणि काम झाले, असे होत नाही.

तेव्हा रानवाटा यांना उत्तर असे की, संकर विद्यापीठाने करावा आणि गावरान बियाण्यातली निवड ताईंनी करावी. ते बियाणे ताईंच्या मडक्यात आहे, विद्यापीठाच्या नाही.

---

ताट-वाटी (नाशिक, आहारतज्ज्ञ)

मला शेतीतले कळत नाही, पण पाकिटावर काय छापावे, याबद्दल बोलते.

तुमच्या एका लाडवात साधारण वीस ग्रॅम बेसन जात असेल. बेसनात प्रथिने एका टक्क्याने वाढली, तर लाडवामागे ०.२ ग्रॅम वाढ होईल. म्हणजे दीड शेंगदाण्याइतकी. प्रौढ माणसाला दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० सालचे प्रमाण आहे. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम लागतात. त्यापुढे ०.२ ग्रॅम कोणाच्याही ताटात दिसणार नाहीत.

प्रथिने किती आहेत, याइतकेच ती कशी आहेत, हेही महत्त्वाचे आहे. हरभऱ्यात लायसिन भरपूर असते, पण मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात. ज्वारी-बाजरीत लायसिन कमी असते आणि गंधकयुक्त आम्ले त्या मानाने बरी असतात. म्हणून पिठले-भाकरी हे जेवण नुसत्या पिठल्यापेक्षा किंवा नुसत्या भाकरीपेक्षा सरस ठरते. पैदासकारांना माझी विनंती आहे की, टक्का वाढवताना मेथिओनिनकडेही पाहावे.

लोहाचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. हरभऱ्यात फायटिक आम्ल असते आणि ते लोह व जस्त यांना धरून ठेवते, त्यामुळे अहवालात दिसणारे लोह सगळे रक्तापर्यंत पोहोचत नाही. गडद टरफलातले टॅनिनही त्यात भर घालते. तुमचा गावरान काळपट आहे, म्हणजे त्याच्या टरफलात टॅनिन बरेच असणार. हरभरा रात्रभर भिजवून, मोड आणून, वर लिंबू पिळून खाल्ला तर शोषण सुधारते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते बिघडते. मोड आणल्याने पोटात वायू धरवणाऱ्या रॅफिनोज गटातल्या शर्कराही कमी होतात. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी ‘हरभरा बाधतो’ म्हणून तो टाळतात, त्यांना हे सांगावे लागते. मात्र हे मोडाच्या उसळीचे झाले. लाडवाचे बेसन तर भिजवलेले नसते.

तेव्हा ‘अधिक लोह’ असे छापू नये, ही आग्रहाची विनंती. पोषणविषयक दाव्यांना २०१८ सालचे अन्नसुरक्षेचे नियम लागू आहेत आणि धुळीच्या लोहावर असा दावा करणे नियमाला धरूनही नाही आणि मनालाही पटणारे नाही.

---

जुना पैदासकार

ताट-वाटी यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. फायटिक आम्ल पैदाशीनेच कमी करावे, हा विचार जुना आहे आणि मका, सोयाबीन यांत तसे वाणही काढले गेले. पण फायटिक आम्ल हा बीजाचा स्फुरदाचा साठा असतो आणि तो फार घटवला की उगवण आणि रोपांचा जोम कमी होण्याचा धोका असतो. जिरायती हरभऱ्याला जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर उगवायचे असते, तिथे ही चैन परवडत नाही.

---

सिन्नरची डाळगिरणी

दाण्यात काय आहे, यावर चर्चा झाली. डाळीत काय उरते, यावरही दोन शब्द लिहावेत म्हणून लिहितो.

आमच्याकडे बारीक गावरान हरभरा आला की यंत्राच्या चाळण्या बदलाव्या लागतात. त्याला टरफल जास्त आणि डाळ कमी, शिवाय सुरकुतलेला दाणा फुटताना सरळ दोन पाखे न होता चुरी होतो. हरभऱ्यातल्या कॅल्शियमचा मोठा वाटा आणि बहुतेक तंतू टरफलात असतात आणि ते सगळे चुनीबरोबर गुराढोरांकडे जाते. म्हणून टरफलात काही गुण वाढवून बेसन खाणाऱ्याला त्याचा लाभ नाही. वाढवायचा तो डाळीत वाढवायला हवा. नाहीतर पीठ टरफलासकट दळावे, पण त्याचा रंग काळपट येतो आणि बाजारात ते लोक हाती धरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आणि शिजण्याकडे दुर्लक्ष करू नये. पुरणाच्या डाळीला बायका बोटांत दाबून पाहतात. ती मऊ शिजली नाही तर पुढच्या वर्षी त्या हरभऱ्याचे पोते परत येते. गणंग, म्हणजे शिजवूनही टणक राहणारे, दाणे ज्या वंशावळीत जास्त निघतील ती ओळ ताईंनी सरळ काढून टाकावी, मग तिची प्रथिने कितीही असोत. उन्हाळ्यात दमट जागी साठवलेला हरभराही शिजायला कठीण होतो, तेव्हा सर्व ओळींचे बी सारख्याच जागी ठेवून मगच शिजवून पाहावे.

---

कादवाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस शेतातच होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

सरांनी सांगितल्याप्रमाणे पहाटे गावरानाच्या तुकड्यात शिरले. आंबेने, म्हणजे हरभऱ्यावरच्या आंबट दवाने, लुगडे गुडघ्यापर्यंत भिजले आणि हाताची कातडी चुरचुरायला लागली, पण उभ्या पिकाकडे असे एकेक झाड करून मी आजवर कधी पाहिले नव्हते. सगळा हरभरा सारखाच, असे मी समजत होते. प्रत्यक्षात काही झाडांचे खोड लालसर आहे, तर काहींचे पूर्ण हिरवे. काही झाडे जमिनीलगत पसरली आहेत आणि काही ताठ उभी आहेत. सात झाडे अशी सापडली की त्यांच्या एकेका देठावर घाटे जोडीने लागलेले आहेत, सासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, “तो जुळ्या घाट्यांचा माझ्या माहेरचा, चांदवडचा. लग्नानंतर पदरात बांधून आणला होता, तो यातच मिसळला.” म्हणजे आमच्या मडक्यात निदान दोन गावांचे बी आहे.

एकूण बावन्न झाडांना लाल लोकर बांधली आहे. जुळ्या घाट्यांची सातही झाडे त्यात घेतली आहेत. पाकिटावर ‘अधिक प्रथिने’ छापण्याचा बेत गटाने सोडून दिला. सध्या ‘गावरान हरभऱ्याचे बेसन’ एवढेच लिहू.

एक शंका उरली आहे. पुढच्या वर्षी या बावन्न ओळी मुरमाड तुकड्यातच लावाव्यात की विजयच्या काळ्या जमिनीत?

---

जुना पैदासकार

बी पुरत असेल तर दोन्हीकडे. एका झाडाला साठ-सत्तर दाणे मिळाले तरी तीस-तीस दाण्यांच्या दोन छोट्या ओळी होतात. ज्या ओळी काळ्या जमिनीतच चांगल्या दिसतील त्या विजयशी टक्कर देऊ शकणार नाहीत. मुरमाडातही दाणा भरणाऱ्या ओळी सापडल्या तर त्या आपल्या कामाच्या. जुळ्या घाट्यांच्या सात ओळी शेजारीशेजारी लावाव्यात. त्या सातही सारख्या दिसल्या तर चांदवडचे बी एकच वंशावळीचे होते असे धरायला हरकत नाही, आणि मग त्यांचे बी एकत्र करून वाढवता येईल. पाकिटांवर क्रमांक पेन्सिलने लिहावा, कारण शाई पावसाळ्यात फुटते. आणि लोकर बांधलेली झाडे मजुरांच्या हाती न देता स्वतः उपटावीत.